आईला घरी आणलंय, पुढे काय काय होणार हे कुणी नीट समजावून सांगेल का? (पॅलिएटिव्ह केअर, कराड)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या. आई ७१ वर्षांची आहे, पित्ताशयाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलाय. काविळीसाठी स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकून झाला, केमो झाला, आणि आता पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की अजून केमो दिला तर फायदा कमी आणि हालच जास्त, घरी न्या, त्यांना आराम कसा मिळेल ते बघा. आम्ही घरी आणलं. डिस्चार्जच्या वेळी एक इंग्रजी कागद आणि औषधांची पिशवी हातात दिली, काउंटरवरच्या मुलीने भराभर वाचून दाखवलं, मागे रांग होती त्यामुळे काही विचारताच आलं नाही. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करून आराम देणाऱ्या उपचारांच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, ते माणूस म्हणून चांगले आहेत, फोन नंबरही दिलाय, पण काय विचारायचं हेच कळत नाही तर फोन करून बोलू काय.

घरात आता रोज वाद. मामा म्हणतात मॉर्फिन म्हणजे अफू, एकदा सवय लागली की संपलं, हे शेवटच्या दोन दिवसांत देतात, आत्तापासून कशाला देता. मावशी म्हणते बाई जेवत नाही, उपाशी मारणार का तिला, घरीच सलाईन लावा. बहीण बंगळूरला असते, ती रोज रात्री व्हिडिओ कॉलवर विचारते आज काय खाल्लं, आणि काही नाही म्हटलं की रडते. सगळं करते माझी बायको, आईचं अंग पुसणं, कपडे, औषधं, आणि ऐकूनही तीच घेते. ती रात्री नीट झोपतच नाही, आईने जरा कूस बदलली तरी दचकून उठते.

आणि आईला कॅन्सर आहे हे आम्ही सांगितलेलंच नाहीये. लिव्हरला सूज आहे एवढंच सांगितलंय.

मला खरंच कळत नाहीये की पुढे काय होणार. कावीळ वाढेल का, दुखणं वाढेल का, रात्री अचानक काही झालं तर १०८ ला फोन करायचा की नाही. नेटवर शोधलं की एक तर घाबरवणारं काहीतरी येतं नाहीतर गव्हांकुर आणि गोमूत्र. ज्यांनी घरी केलंय किंवा या क्षेत्रात आहेत त्यांनी साध्या मराठीत सांगा. वाईट असलं तरी चालेल, पण स्पष्ट सांगा.

---

होमकेअर_सिस्टर

दादा, मी पॅलिएटिव्हची नर्स आहे, बरीच वर्षं घरोघरी जाऊन हेच काम करते. तुम्ही जे विचारलंय ना तेच प्रत्येक घरात विचारतात, फक्त बरेच जण विचारायला घाबरतात. तुम्हाला हे सगळं कागदावर नाही तर शेजारी बसवून, हातात गोळी धरून शिकवायला हवं होतं. तो तुमचा हक्क आहे, पुढच्या फोनला बिनधास्त मागा. डॉक्टरांना म्हणा, मराठीत लिहून द्या, आणि मी परत सांगतो, बरोबर सांगतोय का ते ऐका. हे परत सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि घरी आलं की पिशवीतली पांढरी गोळी कुठली आणि पिवळी कुठली तेही आठवत नाही.

मॉर्फिनचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. ते शेवटचं औषध नाही, दुखण्याचं औषध आहे. दुखणं किती आहे त्यावर ते सुरू होतं, दिवस किती उरलेत त्यावर नाही. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसन लागायची भीती फारच कमी असते. पुढे डोस वाढला तर आजार वाढला म्हणून वाढतो, आणि दुखणं कमी झालं तर तो हळूहळू कमीही करता येतो, फक्त एकदम बंद करायचा नाही. साधी गोळी असेल तर तिचा असर साधारण चार तासच टिकतो, म्हणून घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असं शिकवतात आणि रात्री १० चा डोस बऱ्याचदा दुप्पट असतो म्हणजे मधेच उठवायला लागू नये. पण आईंचं लिव्हर खराब आहे म्हणून त्यांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, तुमच्या कागदावर जे आहे तेच खरं, माझं वाचून बदलू नका. मधेच कळ आली तर जास्तीचा डोस कधी आणि किती द्यायचा, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा आणि लिहून घ्या, रात्री दोन वाजता हाच प्रश्न पडतो.

पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, त्यात अर्धी झोप इतके दिवस दुखण्याने झोपलेल्या नसतात त्याची असते. मळमळ होऊ शकते, त्याची गोळी बरोबर दिलेली असते, तीही बहुतेक थोडेच दिवस लागते. पण बद्धकोष्ठता मात्र जात नाही, जोवर मॉर्फिन आहे तोवर पोट साफ होण्याचं औषध रोज द्यायचंच. आणि कृपा करून इसबगोल देऊ नका, सगळ्या घरांत आधी तेच आणतात. इसबगोल फुगतं, त्याला भरपूर पाणी लागतं, आई पाणी पितच नसतील तर ते आतच घट्ट बसतं. लिव्हरच्या पेशंटला तर पोट साफ राहणं जास्तच गरजेचं, कोंडून राहिलं की विचार भरकटतात, असंबद्ध बोलायला लागतात आणि घरच्यांना वाटतं मॉर्फिनमुळे डोकं फिरलं. संडास किती दिवसांनी झाली ते वहीत लिहा, लाजू नका, आम्ही घरात पाय ठेवल्यावर पहिल्यांदा तेच विचारतो.

वही करा एक. साधी शंभर पानी. वेळ, कुठली गोळी, दुखणं शून्य ते दहामध्ये किती (हा आकडा आईंनाच विचारायचा, आपण ठरवायचा नाही), संडास, लघवी, उलटी. फोन केलात की हेच वाचून दाखवायचं. वहिनींच्या, म्हणजे तुमच्या मिसेसच्या डोक्यावरचा निम्मा भार यानेच उतरेल कारण आत्ता हे सगळं त्या एकट्या लक्षात ठेवतायत. आणि त्या वहीमुळे दुसरं कुणीही औषध देऊ शकतं, मामासुद्धा देऊ शकतात. मामांना खरंच शिकवा. ज्याला भीती वाटते त्याच्या हातात काम दिलं की भीती कमी होते, हे मी खूप घरांत बघितलंय.

मॉर्फिन कपाटात कुलपात ठेवा, लहान मुलं असतील तर नक्कीच. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी फोन करा, कराडमध्ये हव्या त्या दुकानात मिळतीलच असं नाही, परवानगी असलेल्या ठिकाणीच मिळतात.

पाठीचं बघा. दर दोन तासांनी कूस बदला, दिवसा तरी. एअर मॅट्रेस भाड्याने मिळते, ती घ्या, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, त्याने आतली कातडी अजून फाटते. मधे भोक असलेली रबराची रिंग बसायला देतात ती नको, कडेने दाब येतो. एक चादर दुमडून कमरेखाली आडवी टाका, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं म्हणजे अंग घासत नाही आणि तुमच्या कमरा पण वाचतात. एकदा होमकेअरच्या कुणाला तरी बोलवा, त्यांनी करून दाखवू दे, मग तुम्ही त्यांच्यासमोर करा. कावीळ वाढली की खाज सुटते, नखं कापून ठेवा, कोमट पाण्याने पुसून खोबरेल लावा, साबण कमी, आणि डॉक्टरांना सांगा, खाजेवर औषध असतं.

जेवण, सलाईन आणि आईंना सांगणं यावर रात्री लिहिते, आत्ता व्हिजिटला निघतेय.

---

अनघा_नाशिकरोड

दादा, माझ्या वडिलांचं फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सगळं घरीच केलं आम्ही, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू का, आमच्याकडे येणाऱ्या सिस्टरनी एका कागदावर दोन रकाने करून दिले होते. डावीकडे हे दिसलं तर घाबरू नका आणि उजवीकडे हे दिसलं तर लगेच फोन करा. बस. तो कागद फ्रिजवर चिकटवला होता, येणारा जाणारा प्रत्येक जण वाचायचा. आत्यासुद्धा. आधी आत्या आली की बाबांचे पाय गार लागले म्हणून घर डोक्यावर घ्यायची, कागद वाचल्यावर ती स्वतःच मोजे आणायला लागली.

डावीकडे काय होतं ते आठवतं तेवढं लिहिते. झोप वाढत जाणार, दिवसातले बरेच तास झोपूनच. जेवण कमी कमी होत घोटावर येणार. लघवी कमी आणि गडद. हात-पाय गार, पुढे त्यावर निळसर डाग. श्वास मधेच थांबून परत सुरू होणार, कधी कधी खूप वेळ थांबल्यासारखा वाटणार. घशात घरघर. ही घरघर ऐकून आपला जीव जातो पण ती थुंकी गिळता न आल्यामुळे होते, त्या वेळी माणूस इतका गुंगीत असतो की त्याला बहुतेक त्याचा त्रास होत नसतो, एका कुशीवर वळवायचं, डोकं थोडं उंच, आणि लागलं तर त्याचं औषध असतं. हे आधी माहीत नसतं तर आम्ही नक्की अँब्युलन्स बोलावली असती आणि बाबा आयसीयूत नळ्यांमध्ये गेले असते, जे त्यांना अजिबात नको होतं.

उजवीकडे होतं अचानक खूप दुखणं, जास्तीच्या डोसनेही न थांबणारं. झटके. रक्त. लघवी अडून पोट फुगणं. धाप जी औषधाने बसत नाही. एकदम बिथरणं, ओळख न पटणं. गोळ्या उलटून पडणं. तुमच्या आईंना स्टेंट आहे तर थंडी वाजून ताप हे पण त्यात असेल असं मला वाटतं, सिस्टर सांगतीलच.

धापेसाठी आम्हाला साधा टेबल फॅन सांगितला होता, तोंडावर वारा येईल असा लावायचा, आणि पुढे उशीवर हात टेकून बसवायचं. विश्वास बसत नव्हता पण खरंच फरक पडायचा. आणि मॉर्फिनच्या छोट्या डोसने धाप पण कमी होते हे तेव्हाच कळलं.

शेवटी शेवटी बाबा त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाशी बोलायचे, दादा आलाय, चहा टाक म्हणायचे. आई घाबरली होती. पण सिस्टरनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, वाद घालू नका, तिथे कुणी नाहीये असं सांगत बसू नका, बाबा घाबरलेले असतील तर फोन करा, शांत असतील तर बोलू द्या. बाबा शांतच होते. आईने मग चहा केला.

तुमच्या बहिणीला लांबून फार असहाय वाटत असणार. तिला काहीतरी ठरलेलं काम द्या. आमच्याकडे दुबईचा भाऊ गोळ्यांचा हिशोब, डॉक्टरांचे फोन आणि नातेवाइकांना निरोप एवढं बघायचा, म्हणजे घरातल्या माणसाला दहा जणांना तेच तेच सांगायला लागायचं नाही. आणि आज काय खाल्लं हा प्रश्न बंद करायला सांगा तिला, प्रेमाने. त्याऐवजी आज दुखणं किती होतं, आज काय बोलली आई, असं विचारू दे.

---

मिरजेचा_डॉक्टर

मी जनरल प्रॅक्टिस करतो, पॅलिएटिव्हचा स्पेशालिस्ट नाही, पण असे पेशंट शेवटी आम्हा फॅमिली डॉक्टरांकडेच असतात म्हणून काही गोष्टी लिहितो.

सलाईन. मावशींच्या मनात जे आहे ते अतिशय स्वाभाविक आहे, आपल्याकडे आजाऱ्याला चार घास भरवणं म्हणजेच त्याच्यावर माया करणं. पण आजार या टप्प्यावर आला की भूक जाते ती शरीर अन्न वापरू शकत नसल्यामुळे जाते. न खाण्याने ती व्यक्ती जात नाहीये, ती आजाराने जात आहे आणि म्हणून खात नाहीये. हे वाक्य मावशींना शांतपणे, दोन-तीनदा, वेगवेगळ्या दिवशी सांगावं लागेल. एकदा सांगून कुणालाच पटत नाही. शेवटच्या दिवसांत सलाईन दिलं तर ते पाणी हातापायांत, पोटात, फुप्फुसात साठतं, सूज येते, घरघर वाढते, आणि तुमच्या आईंच्या पोटात आधीच पाणी होत असेल तर अजूनच. सलाईन कधीच द्यायचं नाही असं नाही, उलट्यांनी कोरडं पडलंय किंवा उपचार करण्यासारखं इन्फेक्शन आहे तर थोडे दिवस देतात, पण ते काही जेवण नाही. ५ टक्के डेक्सट्रोजच्या एका बाटलीत, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये, फक्त २५ ग्रॅम साखर असते, साधारण १०० कॅलरी. एवढ्यासाठी सुया टोचायच्या का हे घरच्यांनीच ठरवावं.

जबरदस्तीने भरवू नका, गिळता येत नसताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. मागतील तेव्हा, मागतील ते, दोन चमचे. पेज, ताक, कोकम सरबत, बर्फाचा छोटा तुकडा, आवडत असेल तर आमरसाचं बोट. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास मात्र होतो, त्यामुळे मऊ ब्रशने किंवा ओल्या गॉझने दर दोन-तीन तासांनी तोंड पुसा, ओठांना व्हॅसलीन किंवा तूप. हे काम मावशींना द्या. भरवण्याची जी माया आहे ती इथे लागते.

१०८ चं. तो निर्णय आत्ता, दिवसाउजेडी, सगळे एकत्र बसून घ्या. १०८ ची गाडी आली की त्यांचं काम आहे हॉस्पिटलला नेणं, आणि हॉस्पिटलचं काम आहे वाचवायचा प्रयत्न करणं, यात कुणाची चूक नाही. कॅन्सर वाढल्यामुळे हळूहळू जे होणार आहे त्यासाठी आधी पॅलिएटिव्ह टीमला किंवा फॅमिली डॉक्टरला फोन. पण पाय घसरून हाड मोडलं, किंवा स्टेंटमुळे थंडी-ताप आला, तर ते वेगळं, त्यावर उपचार आहे आणि त्याने आराम पडतो, त्यासाठी न्यायलाच हवं. अनघाताईंनी बरोबर लिहिलंय, काविळीचा स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन.

मामांना कायद्याचीही भीती असेल तर सांगा. मॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्या कडक नियमांमुळे कितीतरी वर्षं हॉस्पिटलं ते ठेवायलाच घाबरत होती. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती खास याचसाठी की दुखणाऱ्या माणसाला ते मिळावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा, बस.

नातेवाइकांत कुणी असंही म्हणेल की तुम्ही उपचार थांबवून तिला मारताय, ऐकावं लागतं लोकांना, म्हणून लिहितो. उपयोग नसलेले उपचार न करणं आणि मुद्दाम जीव घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि पुढे कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला (लिव्हिंग विल) परवानगी दिली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, २०२३ मध्ये ती सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. आईंना जर व्हेंटिलेटर नको असेल आणि त्या स्वतः तसं सांगू शकत असतील तर हे करून ठेवता येईल. पण त्यासाठी आधी त्यांना आपला आजार माहीत असायला हवा, तो प्रश्न सिस्टरवर सोडतो.

---

होमकेअर_सिस्टर

आले. डॉक्टरसाहेबांनी जेवणाचं छान लिहिलंय, मी त्यात काही वाढवत नाही.

आईंना सांगण्याबद्दल. दादा, मी तुम्हाला दोष देत नाही, महाराष्ट्रात मी जेवढी घरं बघितली त्यातल्या बऱ्याच घरांत दारातच मुलगा बाजूला घेऊन सांगतो, सिस्टर, आईसमोर कॅन्सर हा शब्द काढू नका. आणि मग आत गेल्यावर आई हळूच माझा हात धरून म्हणते, मुलांना सांगू नका हं, मला माहितीये काय झालंय ते. दोघं एकमेकांना जपत एकटे पडलेले असतात. केमो घेतलाय, केस गेलेत, कॅन्सरच्या वॉर्डात बसल्यात, त्यांना काहीच कळलं नसेल असं मला वाटत नाही.

एकदम सांगायचं नसतं. विचारायचं असतं. आई, तुला काय वाटतंय, काय झालंय तुला? डॉक्टर काय म्हणाले ते तुला जाणून घ्यायचंय का, की आम्हीच बघू सगळं? काही जणांना खरंच नको असतं, तुम्हीच बघा म्हणतात, मग तो त्यांचा निर्णय, तोही पाळायचा. पण विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. आणि विचारून गप्प बसायचं, लगेच अगं होशील बरी म्हणून झाकण लावायचं नाही. तुम्हाला जमत नसेल तर पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना सांगा, हे त्यांचं कामच आहे, ते तुमच्यासमोर बोलतील.

आणि मिसेसचं. त्यांना आठवड्यातल्या काही रात्री तरी पूर्ण झोप मिळायला हवी, दुसऱ्या खोलीत, दार लावून. त्या नाही म्हणतील. मी नसले तर काही होईल असं वाटतं. त्यांना हेही सांगा की शेवटचा श्वास कधी जाईल हे कुणाच्या हातात नसतं, खूप जण नेमके घरचे पाणी आणायला उठले तेव्हाच जातात, त्यात दुर्लक्ष झालं असं काही नसतं. फारच झालं तर काही दिवस आईंना अ‍ॅडमिट करून विश्रांती घेता येते. पुण्यात वारज्याला हायवेलाच सिपलाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या पेशंटसाठी, पैसे घेत नाहीत, घरचं माणूस बरोबर राहू शकतं आणि तिथे घरच्यांना सगळं शिकवतात. फोन करून विचारा आधी. मुंबईकडचं कुणी वाचत असेल तर वांद्र्याला शांती आवेदना आहे, १९८६ पासूनचं, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, तेच. गोव्यातही त्यांचं आहे. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, सांभाळणाऱ्या माणसानेही करावा तो फोन.

---

एडिसनहून_मीनल

मी न्यू जर्सीत असते, सासऱ्यांना इथे हॉस्पिसमध्ये घेतलं होतं, घरीच. इथे मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातून मिळतं, दोन डॉक्टरांनी आयुष्य सहा महिने किंवा कमी असं लिहून दिलं की. सोयी खूप आहेत, नर्स येते, फोन चोवीस तास, औषधांचा एक छोटा डबा आधीच घरी आणून ठेवतात. पण मला लिहायचंय ते वेगळंच. पहिल्या भेटीत नर्सने सगळं इंग्रजीत पंधरा-वीस मिनिटांत सांगितलं, सासूबाईंना त्यातलं अर्धं पण कळलं नाही आणि त्या नवऱ्याला औषध द्यायलाच तयार होईनात, अफू आहे म्हणायच्या, तुमच्या मामांसारखंच. मग आम्ही दुभाषी मागितला, फोनवर मराठी बोलणारी बाई मिळाली, आणि नर्सने तेच सगळं परत, हळूहळू, सासूबाईंना स्वतःच्या हाताने ड्रॉपर भरायला लावून सांगितलं. त्यानंतर घरातली हवाच बदलली. दुसऱ्या दिवसापासून त्याच औषध द्यायला लागल्या, वेळ झाली की आम्हालाच हाक मारायच्या.

म्हणजे पैसा आणि सोयी असूनही, नीट समजेल असं सांगितलं नाही तर माणूस घाबरलेलाच राहतो. परदेशात आईवडील असणाऱ्यांनी दुभाषी नक्की मागा, मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्यांना तो द्यावाच लागतो आणि त्याचे आपल्याकडून पैसे घेत नाहीत.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. रात्री बायकोला सगळा धागा वाचून दाखवला, ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली आणि मग म्हणाली वही उद्याच आणा. दोन रकान्यांचा कागद केलाय, अनघाताई तुमचंच सगळं घेतलंय, डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बरोबर आहे का विचारलं, त्यांनी दोन ओळी वाढवून दिल्या. मामांनी आज दुपारची २ ची गोळी स्वतः दिली, वाद न घालता. आईचं दुखणं काल ७ म्हणाली होती, आज ३ म्हणाली आणि उशीला टेकून बसून थोडा वेळ टीव्ही बघितला.

आईला विचारलं, सिस्टर तुम्ही सांगितलं तसं. ती म्हणाली मला सगळं माहितीये, तुम्हीच लपवत होता म्हणून मी बोलले नाही. मग म्हणाली माझ्या पाटल्या नातीला द्यायच्यात आणि बंगळूरहून ताईला लवकर बोलवून घे. आता ताई शनिवारी येतेय.

दोन गोष्टी राहिल्या. ताईच्या मुलांना, ९ आणि १३ वर्षांची आहेत, आणायचं की नाही? आणि घरीच झालं तर पुढे कागदपत्रांचं काय, इथे शेजारी म्हणतात पोलिसांना कळवायला लागतं.

---

मिरजेचा_डॉक्टर

पोलिसांची गरज नाही. आजाराने घरी झालेल्या मृत्यूसाठी ज्या डॉक्टरने शेवटच्या आजारात बघितलंय तो मृत्यूच्या कारणाचा दाखला देतो, घरच्या मृत्यूसाठी तो फॉर्म ४-अ वर असतो. स्मशानभूमीत आणि नगरपालिकेत तोच लागतो, आणि नोंद २१ दिवसांच्या आत करायची. अडचण एवढीच येते की डॉक्टरने पेशंटला बघितलेलंच नसेल तर तो सही कशी करेल. म्हणून तुमच्या कराडच्या फॅमिली डॉक्टरांना याच आठवड्यात घरी बोलवा, फाईल दाखवा, आईंना तपासू द्या, आणि सरळ विचारा, रात्री झालं तर तुम्ही याल का, नाही तर कोण येईल. त्यांचा नंबर त्या फ्रिजवरच्या कागदावर. आईंचं आधार कार्ड आणि हॉस्पिटलची फाईल एका पिशवीत एकत्र ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको.

---

होमकेअर_सिस्टर

मुलांना आणा. आधी ताईने त्यांना गाडीतच सांगायचं, आजी बारीक झालीये, पिवळी दिसते, खूप झोपते, बोलता बोलता डोळे मिटते, आणि तिचा आजार बरा होणारा नाही. देवाघरी, लांब प्रवासाला असं गोल गोल लहान मुलाला सांगू नका, मग ती प्रवासालाच घाबरतात. हा आजार लागत नाही, हात धरला तरी चालतो, आणि कुणाच्या वागण्यामुळे झालेला नाही, हे स्पष्ट सांगा, ९ वर्षांच्या मुलाच्या मनात असं काहीही येऊ शकतं. खोलीत जायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, ढकलायचं नाही. धाकट्याला ओठांना व्हॅसलीन लावायचं काम द्या, मोठीला किंवा मोठ्याला वहीत वेळ लिहायचं.

आणि वहीत ७ वरून ३ आलंय ना, ते डॉक्टरांना आजच कळवा. संडासचं लिहिलं नाहीत तुम्ही, किती दिवस झाले?